दहावा आणि चौदावा

काल रात्री ग्रीन बेमध्ये, एनएफएलच्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये म्हणजे कॉलेजमधल्या खेळाडूंच्या निवडीत, दहावे नाव पुकारले गेले आणि गेले काही महिने चाललेला एक वाद निकालात निघाला. निदान तसे वाटले तरी. शिकागो बेअर्सने मिशिगन विद्यापीठाचा टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड उचलला. पुढे चार नावांनी, चौदाव्या क्रमांकावर, इंडियानापोलिस कोल्ट्सने पेन स्टेटच्या टायलर वॉरनला घेतले. वॉरन हा यंदाच्या जॉन मॅकी पुरस्काराचा मानकरी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला वर्षातला सर्वोत्तम टाइट एंड. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानातही तो सातवा आला होता आणि ती यादी बहुतेक क्वार्टरबॅकांनीच भरलेली असते. तरीही काल त्याचा नंबर दुसरा लागला.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मराठी घरे पुष्कळ, आणि आता त्यांतल्या अनेक घरांत टीव्हीसमोर तीन पिढ्या बसतात. काल आमच्याकडे शेजारची मंडळी जेवायला होती. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले दादरचे आजोबाही होते. लव्हलँडचे नाव येताच त्यांचा नातू सोफ्यावरून उडाला. आजोबांनी वरणभात कालवता कालवता विचारले, "अरे, पण हा नक्की करतो काय? झेलतो की अडवतो?"

"दोन्ही, आजोबा."

"मग त्याचं माप कशात घेतात?"

नातवाला उत्तर देता आले नाही. त्यात त्याचा दोष नाही. ज्यांना याच कामाचा पगार मिळतो, त्या बत्तीस संघांच्या पारख्यांनाही या प्रश्नाचे धड उत्तर आजवर सापडलेले नाही.

आक्रमणाच्या ओळीत मधले पाच धिप्पाड गडी फक्त अडवतात. त्यांना पुढे धावून पास झेलायला नियमानेच बंदी आहे. बाजूला लांब उभे असलेले चपळ रिसीव्हर फक्त पळतात आणि झेलतात. या दोन जातींच्या मधोमध, ओळीच्या टोकाला चिकटून जो उभा असतो, तो टाइट एंड. चेंडू हलेपर्यंत समोरच्याला कळत नाही की हा आता छातीवर येणार आहे की पाठ चुकवून मैदानात पसार होणार आहे. ही अनिश्चितता हीच त्याची किंमत. माइक डिट्का १९६१ साली पिट्सबर्ग विद्यापीठातून बेअर्सकडे आला, ड्राफ्टमध्ये पाचवा. तोवर टोकाचा माणूस हा मुख्यतः एक जादा धक्केवाला समजला जाई. डिट्काने पहिल्याच हंगामात ५६ चेंडू झेलून १,०७६ यार्ड आणि १२ टचडाउन केले. त्यानंतर पहिल्या वर्षी हजार यार्डांची वेस ओलांडणारे टाइट एंड दोनच निघाले: २०२१ मध्ये काइल पिट्स आणि गेल्या हंगामात ब्रॉक बावर्स. चौसष्ट हंगामांत तिघे. नव्या टाइट एंडकडून पहिल्या वर्षी फार अपेक्षा धरू नये असे जुने लोक सांगतात, ते यामुळे.

आता या दोघांकडे वळू. कागदावर तुलना सोपी वाटते. गेल्या हंगामात वॉरनचे १०४ झेल, १,२३३ यार्ड. लव्हलँडचे ५६ झेल, ५८२ यार्ड. दुपटीचा फरक. पण पेन स्टेट राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत गेल्यामुळे वॉरन सोळा सामने खेळला, तर दुखऱ्या खांद्यामुळे लव्हलँडला दहाच मिळाले. सामन्यामागे हिशेब काढला तर एकाचे साडेसहा झेल आणि दुसऱ्याचे साडेपाचच्या थोडे वर. दुपटीची दरी तिथेच एका झेलावर येते. आणि झेल हे झेलणाऱ्याइतकेच फेकणाऱ्याचेही असतात. मिशिगनचा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून व्यावसायिक झाला, आणि मागे जे राहिले त्यांच्यात वर्षभर संगीतखुर्ची चालू होती. देशातल्या सर्वांत दुबळ्या पासिंग संघांपैकी मिशिगन एक. त्यातही लव्हलँडने मिशिगनच्या टाइट एंडचा एका हंगामातला झेलांचा विक्रम केला. विहिरीला पाणी कमी होते, पण जे होते ते याच्याच बादलीत आले.

वॉरनची गोष्ट वेगळी. तो शाळेत क्वार्टरबॅक होता. पेन स्टेटमध्ये पाच वर्षे काढली, त्यांतली बरीचशी दुसऱ्यांच्या मागे उभे राहून. पण त्याची ओळख पटवायला एकच डाव पुरेसा आहे. १२ ऑक्टोबर २०२४, लॉस एंजेलिसचे कोलिझियम, समोर यूएससी. पेन स्टेटची सगळी ओळ अचानक एका बाजूला सरकली आणि चेंडूवर वाकून उभा राहिला वॉरन. सेंटरच्या जागी, पण ओळ एकीकडे गेल्यामुळे तोच टोकाचा माणूस, म्हणजे नियमाने पास झेलायला मोकळा. त्याने दोन पायांमधून चेंडू मागे दिला तो राखीव क्वार्टरबॅक बो प्रिबुलाला. प्रिबुलाने तो आडवा टाकला ड्रू अॅलरकडे. तोवर वॉरन पुढे निघाला होता. अॅलरने उंच चेंडू सोडला, आणि ज्याने डाव सुरू केला त्यानेच ३२ यार्डांवर, बचावपटूच्या डोक्यावरून हात घालून तो संपवला. त्या दिवशी वॉरनने १७ झेल घेतले, २२४ यार्ड केले, आणि जादा वेळेत पेन स्टेट ३३-३० ने जिंकले. वर्षभरात तो चेंडू घेऊन धावला, त्याने पास फेकले, पंटही मारला. आमच्याकडे अशा माणसाला हरकाम्या म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुकाबरोबर किंचित हेटाळणीही असते. ड्राफ्टच्या बाजारात नेमके तेच झाले असावे अशी आम्हाला शंका आहे.

दोघेही साडेसहा फुटांचे. वॉरन ११६ किलोंच्या आसपास, लव्हलँड चारेक किलोंनी हलका. दोघांनीही इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचणीत, चाळीस यार्डांची धाव घेतली नाही, त्यामुळे घड्याळवाल्यांची पंचाईत झाली. लव्हलँडच्या खांद्यावर जानेवारीत शस्त्रक्रिया झाली होती. पण तो याच महिन्यात एकवीस वर्षांचा झाला आणि वॉरन पुढच्या महिन्यात तेवीस पूर्ण करील. दोन वर्षांचा हा फरक वरवर किरकोळ, पण निवडकर्त्यांना तो फार दिसतो. तेविसाव्या वर्षी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना हरवणे वेगळे आणि स्वतः त्याच वयाचे असताना हरवणे वेगळे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे. लव्हलँड ज्या सहजतेने भर वेगात कंबरेत वळतो आणि मोकळी जागा शोधतो, ते शिकवून येत नाही. वॉरन मोकळी जागा शोधण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. तो समोरच्याला हलवून ती करून घेतो.

इथवर सगळे झेलण्याबद्दल झाले. आजोबांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिलाच: अडवतो किती?

अडवण्याचा आकडा नसतो. एक चांगला ब्लॉक कसा दिसतो ते सांगतो. एक हात जमिनीला टेकलेला. चेंडू हलताच पहिले पाऊल आखूड, वीतभर. दुसरे पाऊल पडायच्या आत दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर, बगलांच्या आतल्या बाजूने, अंगठे वर. कंबर त्याच्या कंबरेखाली. मग पाय थांबू द्यायचे नाहीत. समोरचा सव्वाशे किलोंचा, आणि फक्त आडवे येणाऱ्याला बाजूला सारण्यासाठी पोसलेला. हे झुंजणे दोन-तीन सेकंद टिकले की मागून पळणाऱ्याला हातभर फट मिळते. त्या फटीतून तो बारा यार्ड पळतो आणि ते बारा यार्ड त्याच्या खात्यात जमा होतात. टाइट एंडच्या खात्यात शून्य.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आजोबांनी तर काल लगेच किरण मोरे आणि चंद्रकांत पंडित काढले. यष्ट्यांमागे मोरे उजवा, बॅट हातात असली की पंडित. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्सला दोघेही एकाच कसोटीत खेळले, पंडित निव्वळ फलंदाज म्हणून. यष्टिरक्षकाच्या धावा धावफलकावर लागतात, पण त्याने अडवलेल्या बाइज कुठेच लागत नाहीत. म्हणून वाद घालताना धावा बोलतात आणि बाइज गप्प बसतात.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलने गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही गप्प बाजू आणखी गप्प केली आहे. कारण मैदानातच आहे. प्रत्येक डाव ज्या दोन तुटक रेघांच्या आतून सुरू होतो, त्यांच्यात कॉलेजमध्ये ४० फुटांचे अंतर असते आणि व्यावसायिक मैदानावर साडेअठरा फुटांचे. कॉलेजमध्ये चेंडू कडेला ठेवला की दुसऱ्या बाजूला पसरट माळ मोकळा राहतो, मग प्रशिक्षक गडी पसरवतात आणि टाइट एंड ओळ सोडून बाहेर जाऊन उभा राहतो. त्याचा हात जमिनीला लागत नाही. मग तो व्यावसायिक संघात येतो आणि पहिल्याच सरावात त्याला एखाद्या पोक्त डिफेन्सिव्ह एंडसमोर वाकायला सांगतात.

टाइट एंड नेमका कोणाला म्हणायचे, हा प्रश्न एकदा लवादापुढेही गेला आहे. २०१४ साली न्यू ऑर्लिन्सच्या जिमी ग्रॅहमने दावा केला की मी बहुतेक वेळ ओळीबाहेर उभा असतो, तेव्हा मला रिसीव्हर धरा. प्रश्न नावाचा नव्हता. खेळाडूला एक वर्ष संघाकडे राखून ठेवणाऱ्या फ्रँचायझी टॅगखाली टाइट एंडला त्या वर्षी सुमारे ७० लाख डॉलर मिळणार होते आणि रिसीव्हरला १ कोटी २० लाखांवर. लवाद स्टीफन बरबँक यांनी निकाल दिला: ओळीपासून चार यार्डांच्या आत उभा राहत असशील तर तू टाइट एंडच. चार यार्डांत पन्नास लाखांचा फरक. म्हणजे दोन कामे करणाऱ्याला एकच काम करणाऱ्यापेक्षा कमी दाम, हा न्याय फुटबॉलमध्येही चालतो. ज्या घरांत बाई नोकरी आणि स्वयंपाक दोन्ही करते, तिथे हे वाक्य मोठ्याने वाचू नये.

माप नसले की चुका होतात, आणि या जागेवरच्या चुका मोठ्या मजेशीर आहेत. २०१० मध्ये जर्मेन ग्रेशम एकविसावा गेला. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे अख्खा हंगाम बसून काढलेला रॉब ग्रोंकोव्स्की बेचाळिसावा. २०१३ मध्ये टायलर आयफर्ट एकविसावा, ट्रॅव्हिस केल्सी त्रेसष्टावा. २०१७ मध्ये पहिल्या फेरीत तीन टाइट एंड उचलले गेले आणि आयोवाचा जॉर्ज किटल जवळजवळ दीडशे नावे होऊन गेल्यावर, १४६ व्या क्रमांकावर. कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळून किटलचे झेल ४८. वॉरनने एका हंगामात याच्या दुपटीहून जास्त घेतले. पण किटल लोकांना अडवून आडवे करत होता, आणि ते आकड्यांत नव्हते. दुसऱ्याच व्यावसायिक हंगामात त्याने १,३७७ यार्ड केले, तोवर कुठल्याही टाइट एंडने केले नव्हते इतके.

आमचा आवडता दाखला बॉल्टिमोर रेव्हन्सचा. २०१८ मध्ये त्यांनी पंचविसाव्या क्रमांकावर हेडन हर्स्ट घेतला आणि त्याच ड्राफ्टमध्ये शहाऐंशीव्या क्रमांकावर मार्क अँड्र्यूज. दोन्ही एकाच खुर्चीसाठी. अँड्र्यूज दुसऱ्याच वर्षी प्रो बोलसाठी निवडला गेला आणि दोन हंगामांनंतर हर्स्टला अटलांटाला धाडावे लागले. एकाच संघाने, एकाच खोलीत बसून, एकाच आठवड्यात दोघांना मोजले आणि क्रम उलटा लावला. लायक माणूस अखेर मिळाला यात हुशारी किती आणि नशीब किती, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

यावरून ड्राफ्ट हा सगळा मटका आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बावर्स तेरावा गेला आणि पहिल्या वर्षी ११२ झेल घेऊन त्याने डिट्काचा तो जुना आकडाही मागे टाकला. जो डोळ्यांना सरळ दिसतो, तो कधी कधी सरळच असतो. आमचे म्हणणे इतकेच की कोण श्रेष्ठ हा प्रश्न टाइट एंडच्या बाबतीत अर्धवट आहे. कोणासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

बेअर्सचे पाहा. त्यांच्याकडे कोल कमेट आधीच आहे, ओळीला चिकटून कष्ट उपसणारा. नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन डेट्रॉइटहून आले, जिथे सॅम लापोर्टाने त्यांच्या हाताखाली पहिल्याच वर्षी ८६ झेल घेतले होते. त्यांना दुसरा कमेट नको होता, पळणारा हवा होता. त्या गणितात लव्हलँड बसतो. कोल्ट्सकडे मात्र या जागेवर भरवशाचा माणूस नव्हता. त्यांना एकाच गड्यात दोन्ही हवे होते, आणि चौदाव्या क्रमांकावर तो हाताशी आला.

योगायोग असा की बेअर्स हा डिट्काचा संघ आणि कोल्ट्स हा जॉन मॅकीचा, तो संघ बॉल्टिमोरला होता तेव्हाचा. वॉरनच्या घरी जो पुरस्कार गेला तो याच मॅकीच्या नावाचा. मॅकी १९६३ मध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला आणि टाइट एंड लांब पळूनही खेळ फिरवू शकतो हे त्याने दाखवले. पुढे तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. खेळाडूला मुदत संपल्यावरही बांधून ठेवणारा रोझेल नियम त्याच्याच नावाच्या खटल्यात १९७६ मध्ये मोडला. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंशाने गाठले. अशा माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी लीग आणि संघटनेने २००७ मध्ये जी योजना काढली, तिला त्याच्या जर्सीचा आकडा दिला आहे, ८८. वर्षाला जास्तीत जास्त रक्कमही सुरुवातीला ८८ हजार डॉलर होती. २०११ मध्ये तो गेला, आणि डोक्यावर वर्षानुवर्षे आघात झाल्याच्या खुणा त्याच्या मेंदूत सापडल्या. अडवण्याचा आकडा नसतो असे वर म्हटले. तो एका ठिकाणी मात्र लिहिला जातो.

आमचा कौल विचाराल तर वॉरन. तो दहावा जायला हवा होता असे नाही, पण दोघांत एकच घ्यायचा झाला तर आम्ही वॉरन घेऊ. हात जमिनीला टेकवून वाकायची त्याला लाज नाही, आणि हे त्याने सोळा सामने दाखवले. लव्हलँड कदाचित जास्त झेलेल. बेअर्सचे चाहते असलेले आमचे वाचक यावर पत्रे पाठवतीलच.

पण आमची खरी तक्रार या दोघांबद्दल नाही. बोलिंग ग्रीनचा हॅरल्ड फॅनिन अजून बसून आहे. गेल्या हंगामात त्याने ११७ झेल आणि १,५५५ यार्ड केले. कॉलेजच्या सर्वोच्च विभागात कुठल्याही टाइट एंडने एका वर्षात एवढे कधी केले नव्हते. लहान कॉलेज, लहान प्रतिस्पर्धी, असे म्हणून लोक खांदे उडवतात. त्यांनी गेल्या सप्टेंबरातला पेन स्टेटच्या मैदानावरचा सामना काढून पाहावा. बोलिंग ग्रीन ३४-२७ असे हरले. वॉरनने ८ झेल घेऊन १४६ यार्ड केले आणि समोरच्या बाजूने फॅनिनने ११ झेल घेऊन १३७. एकच मैदान, एकच दुपार. त्यांतला एक काल चौदावा गेला. दुसऱ्याचे नाव पहिल्या बत्तिसांत नाही.

दुसरी आणि तिसरी फेरी आज शुक्रवारी, शिकागोच्या घड्याळाने संध्याकाळी सहाला सुरू होते. फॅनिनबरोबर एलएसयूचा मेसन टेलर आणि मायामीचा इलायजा आरोयोही वाट पाहत आहेत. जेवण लवकर आटपा.